सहीचा धाक

फडावर मुकादमाचा धाक, विद्यापीठात मार्गदर्शकाचा. दोन्ही मी जवळनं पाहिलेत. फडावर अंगावर उचल असते, म्हणून बाई तोंड उघडत नाही. विद्यापीठात प्रबंधावरची सही अडते, म्हणून पोरगी गप्प बसते. वर लोक विचारत्यात, ‘तेव्हाच का नाही बोलली?’

बोलल्यावर काय होतं, ते भंवरीदेवीनं सोसलंय. राजस्थानातल्या भटेरी गावची ही साथीण. बालविवाह अडवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडलं. तरी त्या प्रकरणामुळंच १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यातनं २०१३ चा कायदा. शिकल्यासवरल्या बायांना हा कायदा मिळाला तो एका खेड्यातल्या बाईच्या हिमतीवर.

कायदा म्हणतो, तीन महिन्यांत तक्रार करा. फार तर आणखी तीन. पीएचडीला मात्र वर्षं जातात, अन् तोवर सही त्याच्याच हातात. आरोप असलेल्यानं तिचं काम तपासू नये, अशी व्यवस्था संस्थेला २०१५ च्या यूजीसी नियमांप्रमाणं करता येते. नुसती ‘करता येते’ नको. तक्रार आली त्याच दिवशी झाली पाहिजे. आधी त्याच्या हातातली सही काढून घ्या, मग पोरींना विचारा का बोलत नाही म्हणून.