खाडाखोडीची बाजू

काचेवर लेखणीने लिहावे आणि यंत्राने त्याची छापील अक्षरे करून द्यावीत, ही कल्पना नवी नाही. अ‍ॅपलच्या ‘न्यूटन’ने १९९३ साली हा प्रयत्न केला, पण त्याला लोकांचे अक्षर लागेना आणि तो थट्टेचा विषय झाला. १९९६ च्या पाम पायलटने उलटी वाट धरली: यंत्राला कळेल अशी ‘ग्राफिटी’ नावाची सोपी लिपी माणसानेच शिकायची. पुढे यंत्रे सुधारली. गूगलने २०१५ साली अँड्रॉइडसाठी आणलेल्या हस्तलेखन-सुविधेत ८२ भाषा होत्या आणि त्यांत मराठीही होती.

देवनागरीच्या बाबतीत हे काम सोपे नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. अनुस्वार, रफार पुष्कळदा शब्द संपल्यावर दिले जातात. शिरोरेघ सर्वांत शेवटी येते, घाईत तर येतच नाही. (मोडीत नेमके उलट: आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवायची.) लेखणीच्या टोकाच्या हालचालींवरून यंत्र अक्षराचा अंदाज बांधते आणि तो अडला की संभाव्य शब्दांचा आधार घेते. आमचा आक्षेप येथून सुरू होतो.

संभाव्य शब्द म्हणजे पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलेला शब्द. मावळातल्या एका आजींकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेताना आम्ही टॅब्लेट वापरला होता. घरी येऊन पाहतो तो काही ठिकाणी ‘पानी’चे ‘पाणी’ आणि ‘कोन’चे ‘कोण’ झालेले. मूळ लिखाण राखून ठेवलेले नव्हते. आता तो ‘ण’ आजींच्या तोंडचा, आमच्या हातचा की यंत्राच्या पदरचा, हे सांगण्याची सोय उरली नाही. बोलीच्या अभ्यासकाला हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. त्याचे प्रमेयच त्यावर उभे असते.

दुसरी हानी खाडाखोडीची. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चा हस्तलिखित-मसुदा १९७१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एझरा पाउंडने कोठे काट मारली, कोठे शेरा लिहिला हे वाचकांना प्रथमच उघड दिसले. कवितेच्या घडणीची चर्चा पुराव्यानिशी होऊ लागली ती अशा पानांमुळे. आजच्या यंत्राला मात्र खोडणे म्हणजे पुसणे वाटते. आयपॅडवर २०२० साली आलेल्या ‘स्क्रिबल’मध्ये शब्दावर गिरगोट्या मारल्या की शब्द जातो आणि गिरगोट्याही जातात. मागे राहते ती केवळ शुद्धप्रत.

यावर कोणी म्हणेल, गिचमिड टिपणांच्या ढिगाऱ्यात हवा तो संदर्भ सापडत नाही, छापील अक्षरांत तो क्षणात सापडतो. हे म्हणणे खरे आहे, पण त्यासाठी मूळ अक्षर पुसण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००२ च्या टॅब्लेट पीसीमध्येच शाई ही शाई म्हणून साठवावी आणि यंत्राने केलेले वाचन शोधापुरते तिच्या पाठीशी ठेवावे, असा विचार होता. तोच आम्हांला योग्य वाटतो. पण सोय असली तरी ती वापरण्याची शिस्त आपणच लावून घ्यायला हवी.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आमची विनंती एवढीच: टिपणे शाईतच राहू द्यावीत. छापील रूप हवे असेल तर ते वेगळ्या प्रतीत करावे आणि मुळाशी ताडून पाहावे. क्षेत्रकार्यात तर मूळ पान राखल्याशिवाय रूपांतर करूच नये. नको झालेल्या शब्दावर एक आडवी रेघ ओढावी, तो वाचता येईल अशी. यंत्राने आपले अक्षर जरूर वाचावे. वाचून झाल्यावर कागद फाडण्याचा अधिकार त्याला देऊ नये.