पेटीवाल्या आजींचा पुरावा

धानकापणी उरकत आली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वादकांना रात्रीची बिदागी ठरलेली असते. त्याच गावांतून साठी ओलांडलेल्या एक आजी महिला भजन मंडळात पेटी वाजवतात. दिवसभर मजुरी, रात्री भजन. पुण्यतिथी असो की तेरवी, बोलावणं आलं की निघाल्या. हाती पडतं नारळ आणि ब्लाऊजपीस. पुरुष वाजवतो ती कला, बाई वाजवते ती भक्ती!

राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं. 2024 मध्ये ते महिना 5000 रुपये झालं. वयाची अट 50 वर्षांची. आजींचा अर्ज भरायला बसले आणि अडले ते पुराव्यापाशी. 30 वर्षं वाजवूनही एकाही पत्रकावर त्यांचं नाव नाही. सगळीकडे नुसतं 'महिला भजन मंडळ'.

मग आमच्याच संस्थेची 8 मार्चची जुनी पत्रकं काढली. दरवर्षी सुरुवात आजींच्या पेटीने झालेली. छापलेली नावं मात्र पाहुण्यांची, अध्यक्षांची. त्यात माझंही होतं. आजी एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमीबी नाही लिवलं?"

मैत्रिणींनो, बाईचं काम मोजलं जात नाही हे आपणच सांगत आलो ना? मग येत्या कार्यक्रमापासून वाजवणाऱ्या प्रत्येकीचं नाव छापू या, बिदागी देऊ या आणि तिच्या हातात सही-शिक्क्याचा कागदही ठेवू या.