देखणी चाल आणि आंधळी उडी

सर्वांनीं एकमुखानें वाखाणलेल्या वस्तूविषयीं प्रतिकूल बोलणें हें अप्रिय काम खरें; तथापि आज तें पत्करणें भाग आहे. विषय आहे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरील खेळ. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाचा हा खेळ १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. आणि पुढील दशकांत ज्यांनीं संगणक प्रथम हाताळला, त्यांच्यापैकीं अनेकांना त्याचें नांव काढतांच अजूनहि गहिंवर येतो.

त्याचा मोठा गुण प्रथम सांगितला पाहिजे. मेक्नर यांनीं आपल्या धाकट्या भावास पळावयास व उड्या मारावयास लावून त्याची चित्रफीत घेतली, आणि तीवरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. त्यामुळें तो धांवतांना, कठड्यास लोंबकळतांना अगदीं हाडामांसाचा मनुष्य वाटतो. ही स्तुति यथार्थ आहे.

परंतु खेळ हा केवळ पाहावयाचा नसतो, खेळावयाचा असतो. आणि तेथेंच आमची निराशा झाली. घेतलेलें पाऊल पुरें झाल्यावांचून राजपुत्र दुसरी आज्ञा मानीत नाहीं. डोळ्यांना जें सौंदर्य, तीच बोटांना बेडी! त्यांतून पडद्यावर एका वेळीं एकच दालन दिसतें. पलीकडे जमीन आहे कीं गर्ता, हें पुष्कळदां उडी घेतल्यावरच कळतें. तीन मजले खालीं पडला कीं मृत्यु ठरलेला. मग त्या टप्प्याचा पुन्हां आरंभापासून श्रीगणेशा. आणि दुष्ट वजिरानें कोंडलेल्या राजकन्येच्या सुटकेसाठीं मिळालेल्या ६० मिनिटांपैकीं जीं गेलीं, तीं गेलींच.

म्हणजे येथें यश कोणास? कोणती फरशी ढासळते, खिळे कोठून वर येतात, हें मरून मरून पाठ करणारास. आयुष्य वर्गांत घालविल्यामुळें ही पद्धति आमच्या परिचयाची आहे. शिक्षा आधीं, समजूत मागाहून! अशानें विद्यार्थी उत्तीर्ण होतो. शहाणा होतोच असें नाहीं.

याच खेळांतील एका प्रसंगामुळें तर अधिकच हळहळ वाटते. आरशांतून उडी घेतांना राजपुत्राची छाया त्याच्यापासून वेगळी होते आणि शेवटीं तलवार घेऊन त्याच्यापुढें उभी ठाकते. तिच्यावर केलेला वार राजपुत्राच्याहि अंगीं लागतो. तलवार म्यान करून तिला सामोरें गेलें कीं दोघे एकरूप होतात. यंत्राची स्मृति अपुरी, नव्या शत्रूचीं चित्रें ठेवण्यास जागा नाहीं, म्हणून नायकाच्याच चित्रांतून ही छाया घडविली गेली! येथें पाठांतराचें काम नाहीं. खूण समोर आहे. विचार करणारास उत्तर सुचतें. असा प्रश्न घालूं शकणाऱ्या कर्त्यानें उरलेली बहुतेक परीक्षा घोकंपट्टीवर कां सोपवावी?

ज्या घरांतील काका-मामांनीं हा खेळ लहानपणीं खेळलेला आहे, त्यांनीं तो मुलांना अवश्य दाखवावा. मात्र एखादें मूल दहा मिनिटांत कंटाळून उठलें, तर त्यास चिकाटी नाहीं असा शेरा मारूं नये. त्याची तक्रार ऐकून घ्यावी, आणि जमल्यास त्या छायेपर्यंत त्याची सोबत करावी.