‘माझा आवडता खेळाडू’ आणि माझा लाल पेन



आज निबंधाचा नमुना देत नाही. निबंध तपासताना माझ्याकडून झालेली चूक सांगतो.

जून २०२४. शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. चौथीच्या पोरांना ‘माझा आवडता खेळाडू’ हा विषय दिला. बहुतेक वह्यांत विराट आणि रोहित, मुलींच्या दोन-तीन वह्यांत स्मृती मानधना. आणि एका पोराने लिहिला सौरभ नेत्रावळकर! १२ जूनला न्यूयॉर्कच्या विश्वचषक सामन्यात याच सौरभने अमेरिकेकडून खेळताना विराटला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला ३ धावांवर बाद केलं होतं. मी शेरा मारला, ‘आपल्या देशाचा खेळाडू निवडावा.’ १० पैकी ५ गुण. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण वह्या वाटताना तो शेरा मी मोठ्याने वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, “गद्दार!” वर्ग हसला. खरं सांगतो, मीही हसलो.

मधल्या सुट्टीत पोरगा जवळ आला. “सर, तो मुंबईचाच हाय. आधी आपल्याकडून पण खेळलाय.”

“खेळला असेल, पण आता तिकडून खेळतो ना?”

“मी पण कारखान्यावर असल्यावर तिथल्या पोरांकडून खेळतो. मंग?”

मला उत्तर सुचलं नाही. आमचं गाव मंठा तालुक्यातलं. दिवाळी झाली की निम्मी घरं कोयते बांधून ऊसतोडीला निघतात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापासोबत जातात. हा जाणाऱ्यांपैकी. सहा महिने कर्नाटकातल्या कारखान्यावर, सहा महिने इथे. चार शब्द कन्नडही बोलतो. तिथल्या पोरांकडून बॅटिंग केली म्हणून तो जालन्याचा राहिला नाही का?

त्या रात्री सौरभबद्दल वाचत बसलो. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला होता. म्हणजे आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०१४ मध्ये कर्णधार म्हणून जी जर्सी घातली, तीच. पुढे मुंबईकडून रणजीही खेळला. संधी पुरेशी मिळाली नाही, तेव्हा २०१५ मध्ये कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत गेला. नोकरी सांभाळून तिथे क्रिकेट सुरू ठेवलं. यात गद्दारी कुठे आली?

आणि आपलं बघा. ६ जूनला त्याने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं तेव्हा ‘आपला मराठी पोरगा’ म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीसुद्धा. सहाच दिवसांनी त्याने विराटला बाद केलं आणि तो परका झाला. माणूस तोच होता, बदललो आपण.

मला विचाराल तर खेळाडूची निष्ठा एकाच गोष्टीत बघावी. ज्या संघाने विश्वासाने चेंडू हातात दिला, त्या संघासाठी तो जीव तोडून खेळतो का? सौरभने विराटला मुद्दाम हलका चेंडू टाकला असता तर त्याला बेइमान म्हणता आलं असतं. वानखेडेवरच्या प्रेक्षकांना हे आपल्यापेक्षा लवकर कळलं. एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच मुंबईत त्याने भारताचे एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. असं करणारा तो कसोटीतला तिसराच गोलंदाज, जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतर. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या, अश्विनने सगळ्यांच्या सह्यांची भारतीय जर्सी त्याला भेट दिली. (सामना भारतानेच जिंकला, हेही पोरांना सांगा. नाहीतर त्यांना रात्री झोप लागत नाही.) आणि ज्या रणजी करंडकात खेळायची स्वप्नं आपली पोरं बघतात, तो ज्यांच्या नावाने आहे ते रणजितसिंहजी कसोटी क्रिकेट इंग्लंडकडून खेळले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर शेरा खोडला. ८ गुण दिले, दोन शुद्धलेखनाचे कापलेच.

इथे संपलं असतं तर हे लिहिलंच नसतं. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारताने पाकिस्तानला हरवलं, विराटचं नाबाद शतक झालं. सोमवारी वर्गात एक पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, “तुमची टीम हरली रे!” शेजाऱ्याचं फक्त आडनाव वेगळं. तो कर्नाटकात गेला नाही की अमेरिकेत. इथेच जन्मला, सामना हॉटेलवर वडिलांसोबत बघितला आणि शतक झाल्यावर टेबल बडवत नाचला होता. आता मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसला. मी “गप्प बसा” एवढंच म्हणालो आणि गणित सुरू केलं.

संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटलो. ते हसून म्हणाले, “जाऊ द्या सर, सवय झालीय.”

सवय? चौथीतल्या लेकराला? तीनच दिवस आधी मोहम्मद शमीने बांगलादेशविरुद्ध पाच बळी घेतले होते. त्याच शमीला २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर लोकांनी काय काय ऐकवलं, आठवा. तेव्हा कर्णधार विराट जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. वर्गात ते काम माझं होतं, आणि मी गणित घेतलं.

मंगळवारी परिपाठात प्रतिज्ञा झाल्यावर पोरांना थांबवलं. ‘तुमची टीम’ म्हणणाऱ्यालाच उभं करून विचारलं, शमी कोणाच्या टीमचा? तो म्हणाला, “आपल्या.” मग शेजारी बसतो तो? बराच वेळ तो बोलला नाही. मीही घाई केली नाही. शेवटी म्हणाला, “तो आमच्याकडून ओपनिंगला जातो, सर.”

पालकहो, ही वाक्यं पोरं शाळेत शिकत नाहीत. सामना बघताना घरात आपण काय बोलतो, तेवढं जरा ऐका.

ऊसतोडीवरचा आमचा फलंदाज तेव्हा कारखान्यावरच होता. पाडव्यानंतर परत आला तो नवी बॅट घेऊन. तिथल्या पोरांनी वर्गणी काढून दिली म्हणे.