बूट उतरले, खेळ राहिला

हिंगोलीचा दसरा आटोपून रामलीला मैदान मोकळे झाले, की पोरे चेंडू घेऊन धावणार आणि घरचे विचारणार, “खेळून पोट भरते का रे?” वाचकहो, खालिद जमीलचेच पाहा. कुवेतमध्ये जन्मलेला, मुंबईच्या संघांतून खेळलेला हा गडी दुखापतींनी बेजार झाला. २००९ साली तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. २०१६ मध्ये तीही जागा गेली. मग तो मिझोरमला गेला. आदल्या हंगामात खालच्या वर्गात घसरून कसाबसा परत आलेला ऐझॉल संघ त्याच्या हाताखाली २०१७ मध्ये आय-लीगचा विजेता ठरला! २०२५ मध्ये भारताचा संघ त्याच्याकडे आला. त्याच वर्षी ढाक्यात बांगलादेशाने हरवलेही. हार-जीत चालायचीच. पण पोराला मैदानावरून हाक मारताना जरा थांबावे, एवढेच!