विस्तव शेजारच्या चुलीत आहे

धर्मग्रामाच्या कोणत्याही बैठकीत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते : पूर्वीची भक्ती आता उरली नाही. मिस्सेला माणसे येतात, पण प्रवचन संपता संपता. संध्याकाळची रोझरी प्रथम दूरदर्शनने गिळली आणि उरलेली मोबाइलने. तक्रार खरी आहे. तिच्यावर सुचवले जाणारे उपाय मात्र आम्हांस मान्य नाहीत.

कोणी म्हणतो, गायकवृंदाला ड्रम आणि कीबोर्ड द्या. कोणी म्हणतो, बाहेरचा नामांकित प्रवचनकार आणा, मैदानात मंडप घाला, तीन दिवसांचे रिट्रीट होऊ द्या. काही जण तर थेट दुसऱ्याच प्रार्थनामंडळांची वाट धरतात आणि ‘तिथे आग आहे, तुमच्या देवळात राख आहे’ असे आम्हांला ऐकवतात. करिस्मॅटिक चळवळीने अनेकांच्या हाती बायबल दिले, काही घरांतली दारू सोडवली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु अंगातला ताप आणि चुलीतला विस्तव यांत अंतर आहे. ताप उतरतो. चौथ्या दिवशी मंडपवाला आपले बांबू घेऊन जातो, भक्त घरी परततो, आणि त्याच्या अंगणाच्या मधोमध उभे असलेले पत्र्याचे कुंपण जिथल्या तिथे असते.

आम्हांला या कुंपणाविषयीच लिहायचे आहे.

आगाशी आणि तिच्या आसपासची गावे पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या बागांवर, पानवेलींवर, भाजीपाल्यावर जगली. आगाशीच्या सुकेळ्यांचे नाव मुंबईच्या बाजारात होते. जमीन तेव्हा पोट भरण्यापुरती होती आणि एका विहिरीवर तीन भावांचे संसार भिजत होते. पुढे शासनाने वसईचा हरितपट्टा बांधकामासाठी खुला करायला घेतला. 1990 मध्ये सिडको आली. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जे रान उठवले, त्यात आमचे लोक हिरिरीने उतरले. 2024 साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या शब्दावर म्हाताऱ्या बायकासुद्धा लाल लुगडी नेसून मोर्च्यात चालल्या. 2009 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही गावे वगळावीत म्हणून माणसे रस्त्यावर आली. आमच्या लोकांत आवेश नाही असे कोण म्हणेल?

पण त्याच काळात गुंठ्याचा भाव चढत गेला. बिल्डरविरुद्ध एकत्र घोषणा देणारे दोघे भाऊ घरी येऊन वकिलाच्या नोटिशीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. सातबाऱ्यावरचे एक नाव, विहिरीवरचा एक पंप, वाटेची दोन फुटे एवढ्यावर बोलणे तुटले. बहिणींचे तर विचारूच नये. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती घरातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. हा कायदा आमच्या घरांत बहुधा हक्कसोडपत्रावर सही घेण्याच्या दिवशीच आठवतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. सही केल्यावरही पुष्कळदा माहेर तुटतेच.

मग रविवार उजाडतो. थोरला एका दाराने देवळात येतो, धाकटा दुसऱ्या दाराने. शांतीची खूण द्यायची वेळ झाली की दोघेही आपापल्या शेजारच्या अनोळखी माणसाला आदराने हात जोडतात आणि ख्रिस्तशरीर घ्यायला दोन वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाची नाराजी आठवली, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. पहिली पाळी भावाची, दुसरी वेदीची. आपण हा क्रम उलटा करून ठेवला आहे आणि वर विचारतो, प्रार्थनेत मन का लागत नाही?

प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या ख्रिस्तसभेला एक पत्र आहे. ती मंडळी आळशी नव्हती. कष्टाळू होती, सोशिक होती, खोट्या प्रेषितांना पारखून घेणारी होती. तरीही तिने पहिली प्रीती सोडली, हा तिच्यावरचा ठपका. आणि उपाय? भावना चेतवण्याचे नावही तिथे नाही. पश्चात्ताप करून पहिली कृत्ये पुन्हा करायला सांगितले आहे. संत पौल तीमथ्याला देवाचे दान प्रज्वलित करायला सांगतो, तेव्हा तो योजतो तो ग्रीक शब्द विझू घातलेला विस्तव पुन्हा फुलवण्याचा आहे. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकायचे, ही आपल्या आयांची रीत होती. कधी निखारा मेलाच, तर पोर शेजारच्या चुलीतून विस्तव घेऊन येई. ज्या घराशी बोलणे बंद, तिथे विस्तव मागायला कोण जाणार!

यावर आक्षेप येतो की, फादर, न्याय मागणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. न्यायालयात जाण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही, आणि ज्याचा वाटा लुबाडला गेला त्यालाच आधी क्षमेचे प्रवचन देणे हा आमच्या मते अधर्म आहे. समेटाचे पहिले पाऊल ज्याच्या हाती जमीन आहे त्याने टाकायचे असते. बहिणीचा वाटा दाबून ठेवून सणाला मोठी देणगी देणाऱ्याने ती देणगी आधी बहिणीकडे न्यावी.

वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याचा सण आपण धूमधडाक्यात करतो. त्याचे चरित्र मात्र थोडेच वाचतात. जपानात तो जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम करीत होता. संघात प्रवेश मिळेना, तेव्हा तो व्यापारात पडला आणि त्यात त्याचे उत्तम बस्तान बसले. त्याच्या पहिल्या ओढीवर राख साचायला एवढे पुरेसे होते. तरी चालता धंदा सोडून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मेला. मनिलात त्याला कोणते भावावेश आले, हे आम्हांला ठाऊक नाही. त्याने काय सोडले, ते ठाऊक आहे.

येत्या उपवासकाळात मंडप घालू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र मंडपाच्या वर्गणीआधी प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या वाडीतली बोलणे तुटलेली घरे मोजावीत आणि दोन्ही बाजूंना चालतील अशी दोन वडीलधारी माणसे, त्यांत एक तरी स्त्री, त्यांच्याकडे पाठवावीत. पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठी बाराजण निवडताना याच घरांतली माणसे शेजारी शेजारी बसवता आली तर पाहावे. बैठकीला धर्मगुरू हवा असेल तर रात्री कितीही वाजता बोलवावे. वकील आणू नयेत. सातबारा आणायला हरकत नाही.