बेट, भाड्याची स्कूटर आणि आपली मुले

सुट्टी संपून शाळा उघडली की पहिले दोन-चार दिवस वर्गांतून प्रवासवर्णनेच चालतात. गेल्या काही वर्षांत त्यात गोव्याचे नाव फार ऐकू येते. काय पाहिले असे विचारले, तर समुद्र, हॉटेल आणि भाड्याची स्कूटर एवढे तीनच शब्द बऱ्याचदा हाती लागतात. तिसऱ्या शब्दाला मुलांचे डोळे विशेष चमकतात. नववी-दहावीतला मुलगा "मीपण चालवली" असे सांगतो आणि शेजारी उभे असलेले बाबा कौतुकाने हसतात. त्या स्कूटरविषयी आणि त्या हसण्याविषयीही आम्हांला थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

भाड्याच्या स्कूटरला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नवी जागा, त्यातही बेट, पाहायला याहून चांगले वाहन आम्हांला माहीत नाही. भूमध्य समुद्रातल्या ग्रीस, इटली, माल्टाच्या बेटांवर जगभरचे प्रवासी बोटीतून उतरतात आणि बंदराजवळच स्कूटर भाड्याने घेऊन दिवसभर बेट पालथे घालतात. स्कूटरचे आणि त्या किनाऱ्याचे नातेही जुने आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये इटलीत व्हेस्पा बाजारात आली. तीच पुढे परवान्याने पुण्यात बजाजच्या कारखान्यात बनू लागली, आणि 1972 मध्ये आली आपली चेतक. पुढे धाकटा उभा, मध्ये बाबा, मागे आई आणि तिच्या मांडीवर ताई, असे अख्खे कुटुंब टॉवर चौकातून जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना स्कूटर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. (ती बैठक तेव्हाही बेकायदेशीर होती, पण त्याविषयी पुढे.)

बसने जाणारा माणूस बस थांबेल तेथे उतरतो. स्कूटरवाला मनात येईल तेथे थांबतो. प्रवासात हा फरक लहान नाही. आपल्या उज्जैनचे पद्मश्री वि. श्री. वाकणकर रेल्वेने जात असता त्यांना खिडकीतून डोंगरावरचे खडक दिसले, ते उतरून त्या खडकांकडे गेले आणि 1957 मध्ये भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. खिडकीतून खडक तर हजारोंनी पाहिले असतील. उतरून गेले ते वाकणकर सर.

म्हणून गोव्याला जाणाऱ्या पालकांना आमची सूचना आहे, की एक दिवस किनारा सोडा आणि मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जा. पणजीहून रायबंदरचा रस्ता धरला की पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला दगडी बंधारा लागतो, त्यावरून आजही वाहने धावतात. पुढे जुने गोवे. तेथली मोठमोठी चर्चे पाहून झाली की व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ नदीकडे उतरतो आणि फेरीबोट आपल्याला स्कूटरसकट पलीकडे नेते. नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण पलीकडचा गोवा वेगळाच असतो. गर्दी नाही, गोंगाट नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन जमीन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली भातशेती. बांधात लाकडी दारे बसवलेली असतात, त्यांना तेथे 'मानस' म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. वीज नाही, मोटर नाही. भरती-ओहोटीचा धडा माळव्यातल्या मुलाला पुस्तकातून पाठ होतो खरा, पण समजतो तो या दारापाशी उभा राहिल्यावर.

बेटाच्या टेकडीवर पिएदादचे चर्च आहे, तेथून चहूकडे नदी दिसते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तेथे बोंदेरां नावाचा झेंड्यांचा उत्सव होतो. वाड्यावाड्यांतल्या सीमेच्या जुन्या भांडणांची ती गमतीदार नक्कल. भांडणाचा सण करून टाकणारे लोक आम्हांला आवडतात.

पण आम्ही दिवाडी सुचवतो त्याचे खरे कारण बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्वे गावात आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, त्याचे मूळ देऊळ येथे होते. चौदाव्या शतकात ते बहमनी फौजांनी पाडले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारले, 1540 मध्ये पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेले आणि तेथील वस्तीलाही नार्वे हेच नाव मिळाले. नोव्हेंबर 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे देवळाचे बांधकाम करविले, त्याचा शिलालेख आहे. 2023 मध्ये या देवळाचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. बेटावर मूळ जागी आता अवशेष आणि एक जुने दगडी तळे. त्या तळ्याचे नाव कोटितीर्थ.

हे नाव वाचून उज्जैनचा मुलगा थबकला पाहिजे. आपल्या महाकालाच्या आवारातले कुंड कोणते? कोटितीर्थच. आपले देऊळही 1235 च्या सुमारास इल्तुतमिशाने पाडले आणि सुमारे पाचशे वर्षांनी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी ते पुन्हा उभारले. दिवाणांचे आडनाव सुखठणकर, म्हणजे घराणे त्याच कोकण-गोव्याकडचे. आपण मराठी माणसे माळव्यात कशी आलो, कोणाबरोबर आलो, हे घरात सांगायला आता आजी-आजोबा असतातच असे नाही. एका दिवसाच्या स्कूटरफेरीत त्यातला एक धागा हाती लागत असेल, तर तो दिवस समुद्रावर घालवण्यापेक्षा बरा, असे आमचे मत आहे.

आता त्या हसणाऱ्या बाबांकडे वळतो.

"गोव्यात कोण बघतंय? रस्ता रिकामा आहे, घे जरा." हे वाक्य कितीतरी घरांत सहज बोलले जाते. त्याला जोडून "आम्ही नाही का चौदाव्या वर्षी लूना चालवली?" हेही ठरलेले. लूना 50 सीसीच्या आतली गाडी होती. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला कायद्याने परवाना मिळतो तो तेवढ्याच, बिनगियरच्या दुचाकीचा. आज भाड्याने मिळणाऱ्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. त्यांना अठरा वर्षे पूर्ण हवीत, दुसरा मार्ग नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. भाड्याच्या गाडीचा मालक म्हणजे बहुधा दोन-चार स्कूटरींवर पोट भरणारा साधा माणूस. आपल्या लाडाची किंमत त्याने का मोजावी?

कायदा बाजूला ठेवला तरी बेटावरचे रस्ते अरुंद, वळणे आंधळी, आणि फेरीबोटीचा उतार चिखलाने निसरडा असतो. बोटीवर चढताना मोठ्यांचीही गाडी सरकते. तेथे पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती हँडल आणि मागे धाकटी बहीण, हे चित्र आम्हांला कौतुकाचे वाटत नाही. रस्त्यावरच्या अपघाताने ज्या घरातले मूल गेले आहे, त्या घरापुढे "रस्ता रिकामा होता" हे वाक्य कोणी उच्चारून पाहावे.

पालकांसाठी काही कामाच्या गोष्टी. भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या दुचाकीची नंबरपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी घेताना ब्रेक, दिवे आणि टायर स्वतः पाहा, जुने ओरखडे मालकासमोर मोबाईलवर टिपून ठेवा, आणि मूळ परवाना कोणाच्या खणात ठेवून जाऊ नका. दुचाकीवर दोघेच, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला दोन स्कूटर. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट, मग तो मागे का बसलेला असेना. मुलांच्या मापाचे हेल्मेट तेथे मिळेलच असे नाही, घरून नेलेले बरे. घरात चालवणारे एकच असेल तर? गोव्यात मोटरसायकल टॅक्सी आहे, चालवणाऱ्याला तेथे 'पायलट' म्हणतात. शिवाय बस आहे आणि फेरीबोटीवर पायीही जाता येते.

विश्वस्त मंडळाकडेही आमचे एक मागणे आहे. मोठ्या वर्गांची सहल पुढे कधी गोव्याला निघाली, तर बसने जुन्या गोव्यापर्यंत जाऊन दिवाडी आणि नार्वे हे दोन्ही काठ कार्यक्रमात घ्यावेत, आणि जाण्यापूर्वी एक तास सप्तकोटेश्वर आणि महाकाल यांच्या इतिहासाला द्यावा. विद्यार्थ्यांनी स्कूटर भाड्याने घ्यायची नाही, हे संमतिपत्रावर मोठ्या अक्षरांत छापावे आणि त्याखाली पालकांची सही घ्यावी.

गोव्याला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. शहराच्या उत्तरेला काही किलोमीटरवर कालियादेह महाल आहे. तेथे क्षिप्रा दोन्ही बाजूंनी वाहते आणि मधली जागा बेटासारखी होते. मांडूच्या सुलतानांच्या काळात, 1458 मध्ये बांधलेला हा महाल पुढे पडीक झाला आणि माधवराव शिंद्यांनी 1920 मध्ये तो दुरुस्त केला. कुंडांमधून खेळवलेले पाणी हे त्याचे जुने वैशिष्ट्य. एखाद्या रविवारी सकाळी आई किंवा बाबांनी घरचीच स्कूटर काढावी, मुलाला हेल्मेट घालून मागे बसवावे आणि तेथवर जाऊन यावे. तेथे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, याचा नकाशा जे विद्यार्थी काढून आणतील, त्यांचे नकाशे पुढच्या अंकात छापू.